रस्ता सांगणारी

दुकानात एकदम अंधार झाला म्हणून दीप्तीनं मान वर केली.

सकाळचे अकरा वाजले होते. बाहेर डिसेंबरचं लख्ख ऊन होतं आणि शाहूपुरीतल्या त्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात दारातून भरपूर उजेड यायचा. पण आता दाराबाहेर एक भिंत उभी होती. लांबच लांब, दुधी रंगाची. भिंतीला खिडकी होती, खिडकीला फुलाफुलांचा पडदा होता आणि पडद्याआड एक बाई शेंगा सोलत निवांत बाहेर बघत होती.

"कुणी घर आणून लावलं रं दारात?" दुकानाचे मालक गणपतराव गल्ल्यावरूनच ओरडले.

भिंतीच्या कडेनं अंग चोरत एक तरुण आत आला. उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि केसांत लाकडाचा भुसा.

"माफ करा मालक, आत्ता काढतो. जीपीएस पायजे होतं. ते रस्ता सांगणारं मशीन."

गणपतरावांचा आवाज एकदम मऊ झाला. पुण्याहून आलेली तसली तीन मशीनं चार महिने कपाटात पडून होती. त्यांना हात लावायला ते स्वतः घाबरायचे. "दीप्ती, बघ गं. तुझं गिऱ्हाईक."

दीप्ती कांबळे चोवीस वर्षांची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली, दोन वर्षं या दुकानात टेप, हॉर्न, लाइटा बसवून देणारी. मशीनं आली तशी ती एकेक करून घरी न्यायची. कळंब्याच्या बसमध्ये खिडकीशी बसून मांडीवर मशीन धरायची आणि पडद्यावरचा बाण आपल्या बसबरोबर कसा सरकतो ते बघत राहायची. आकाशातून याला दिसतं तरी कसं? बस थांब्यावर थांबली की बाणही थांबायचा, तेव्हा तिला हसू यायचं. पण विकलं मात्र एकही गेलं नव्हतं. कोल्हापुरात कुणाला पत्ता विचारला तर तो सोबत चालत येऊन घर दाखवतो. तिथं मशीन कोण घेणार?

तिनं तिन्ही मशीनं काचेवर मांडली. तो वाकून बघायला लागला.

"गाडी बारा व्होल्टची की चोवीसची?" तिनं विचारलं.

त्यानं झटकन वर पाहिलं. हा प्रश्न त्याला अजून एकाही दुकानात कुणी विचारला नव्हता. "चोवीस."

"मग या पहिल्याचा चार्जर चालणार नाही. जळेल. बाकीच्या दोन्हींचा चालतो. उंची किती?"

"माझी?"

गणपतराव खोकले. दीप्तीचे कान गरम झाले. "गाडीची."

"दहा फूट दोन इंच."

"मोजलीत?"

"मीच बांधलीया की!"

"बांधलीत हो. पण मोजलीत का?"

तो हसला, आणि दुकानातली शिडी उचलून बाहेर गेला. तो वर चढला, ती खाली उकिडवी बसली. टेपचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं तिच्या. वरून त्यानं टेप ताणला की तिच्या बोटांना ओढ लागायची.

"किती?" तिनं खालून विचारलं.

वरून टेप पुन्हा एकदा ताणला गेला. "...दहा फूट आठ इंच," तो ओशाळून म्हणाला. "टपावरची पाण्याची टाकी धरलीच नव्हती."

"सहा इंच. एखाद्या पुलाखाली तेवढ्यानंच अडकला असता."

पडद्याआडची बाई खुदकन हसली. "बरं झालं पोरी. याला कुणीतरी मोजाय लावलंच पायजे हुतं."

ती शिवम्मा, त्याची आई. तो रुद्रेश पट्टणशेट्टी. उद्यमनगरात त्याचा ट्रक-बसच्या बॉड्या बांधायचा कारखाना होता. शाळेची एक जुनी मिनीबस घेऊन दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी खपून त्यानं ही घरगाडी केली होती. आत दोन पलंग, गॅसची शेगडी, मोरी, पंखा. त्याचे वडील चन्नाप्पा बत्तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते.

"बत्तीस वर्षं हेनी जगाला फिरवलं," शिवम्मा म्हणाली, "आणि मला कधी गडहिंग्लजच्या म्होरं नेलं न्हाई. आता कूडलसंगम, श्रीशैलम, पार कन्याकुमारी. संक्रांत झाली की निघणार. दोन म्हैने."

"यातलं कुठलं चांगलं?" रुद्रेशनं विचारलं.

दुसरी एखादी असती तर तिनं सगळ्यात महागाचं पुढं सरकवलं असतं. दीप्तीनं जरा विचार केला. "खरं सांगू? मला माहीत नाही. मी फक्त बसमध्ये बसून बघितलंय. आधी तुम्हाला पाठ असलेल्या रस्त्यावर चालवून बघा. तिथं जे खोटं बोलेल ते परमुलखात काय खरं बोलणार?"

रुद्रेश तिच्याकडे बघत राहिला, लागतं त्याहून जरा जास्तच.

"मग बघा की चालवून!" गणपतराव म्हणाले. "दीप्ती, तूबी जा. मशीनं महागाची हाईत."

*

पहिली फेरी दोन दिवसांनी झाली. शहरातून कळंबा तलाव आणि परत. गाडी चन्नाप्पा चालवत होते. समोरच्या काचेवर तिन्ही मशीनं ओळीनं चिकटवली होती. मागं दीप्ती आणि रुद्रेश वह्या घेऊन बसले होते आणि त्यांच्यामागं शिवम्मा, पलंगावर मांडी घालून.

सर्वांत लहान मशीन ऊन पडताच आंधळं झालं. पडद्यावर काही दिसेना, दिसला तो फक्त चन्नाप्पांचा मिशीवाला चेहरा. दुसरं इंग्रजीतच बोलायचं आणि रंकाळ्याचं नाव असं काही घ्यायचं की शिवम्मा म्हणाली, "ही कुठल्या गावाला न्याय लागलीया आपल्याला?" तिसरं मोठ्या पडद्याचं. त्यातली बाई हिंदीत, शांतपणे, बेतानं सांगायची... दो सौ मीटर बाद, बाएँ मुड़ें.

"बाईनं सांगायचं आणि मी वळायचं?" चन्नाप्पा गुरगुरले आणि मुद्दाम सरळ गेले.

"तीस वर्षं मी सांगत हुतो तवा तरी कुठं वळलासा?" मागून शिवम्मा.

बाई चिडली नाही. क्षणभर थांबली आणि तिनं नवा रस्ता सांगितला.

रुद्रेश हळूच दीप्तीकडे झुकला. "कितीबी चुकलं तरी रागावत न्हाई?"

"नाही. ती पुन्हा सांगते."

"आणि तुमी?"

"मी?" दीप्तीनं वहीत डोकं घातलं. "मी एकदाच सांगते."

तलावाच्या बांधावर गाडी थांबली तेव्हा तिनं त्याला खरी अडचण सांगितली. यातलं एकही मशीन गाडीची उंची विचारत नव्हतं. प्रत्येकाला आपण लहानशा कारमध्ये बसलोय असंच वाटत होतं. म्हणजे ठेंगणा पूल, लोंबत्या तारा, गावातलं अरुंद वळण, हे सगळं आपणच बघायचं. निघायच्या आदल्या दिवशी मोठ्या नकाशावर रस्ता वाचायचा, वाटेतल्या ट्रकवाल्यांना विचारायचं आणि अडचणीच्या जागा मशीनमध्ये आपल्या हातानं साठवायच्या.

"म्हंजे अर्धं ती सांगणार, अर्धं आपण शोधायचं," रुद्रेश म्हणाला.

"हो. म्हणून तर मजा आहे."

बोलताना तिचे डोळे चमकत होते. तो पाण्याकडे बघतोय असं दाखवत होता, पण दीप्तीला कळत होतं की पाण्याकडे कुणी इतकं सावध राहून बघत नाही.

मग दुकानात फोन यायला लागले. तिसरं मशीन दोन आठवडे वापरून बघायला त्यानं नेलं होतं आणि रोज नवी शंका काढायचा.

"कारखान्यात चालू केलं तर बाई नुसती वाट बघा म्हणते."

"वर पत्रा आहे ना? मोकळ्या आभाळाखाली न्या. तिला उपग्रह दिसले पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी, "आभाळाखाली आणलं. दिसले. सात दिसले."

"मग आता काय अडचण आहे?"

"काय न्हाई... दिसले, येवढंच सांगायचं हुतं."

फोन ठेवल्यावर दीप्ती उगीचच काच पुसत बसायची. गणपतराव एकदा म्हणाले, "फार पुसू नको. झिजंल."

*

दुसरी फेरी रविवारी होती, शिरोळला. रुद्रेशचा मामा मल्लेश तिथं शेती करायचा. त्याच्याकडं जेवण करून परत, असा बेत. हातकणंगले, जयसिंगपूर, सगळं सुरळीत झालं. बाई बोलायची आणि चन्नाप्पासुद्धा आता तिचं ऐकायला लागले होते.

पण दीप्तीला राहवलं नाही. मशीनमध्ये एक पर्याय होता. जलद रस्ता की जवळचा रस्ता. आजवर जलदवरच चाललं होतं. जवळचा केला तर काय होईल? तिनं तो बदलला. थोड्याच वेळात बाई म्हणाली, दाएँ मुड़ें, आणि घरगाडी डांबरी सोडून उसाच्या पाणंदीत शिरली.

पहिला अर्धा किलोमीटर छान होता. दोन्ही बाजूंनी ऊस, मधून गाडीची चाकोरी, कुठून तरी गुऱ्हाळाचा गोड धूर. मग ऊस खिडक्यांना घासायला लागला. मग पुढून ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्ही उसानं शिगोशीग भरलेल्या.

ट्रॅक्टरवाला खाली उतरला आणि कमरेवर हात ठेवून घरगाडीकडं बघत राहिला. "ओ पावणं! हितनं कुठली बस जातीया?"

मागं सरकणं ट्रॉल्यांना शक्य नव्हतं आणि घरगाडीला तर मागचं काही दिसतच नव्हतं. चन्नाप्पांनी स्टेअरिंगवर कपाळ टेकवलं. "मला रस्ता ठावं हुता... तरी या बाईचं ऐकलं."

"बाईची चूक नाही, काका," दीप्ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "माझी आहे. मी मुद्दाम बदलून बघितलं."

रुद्रेशनं मामाला फोन लावला. बाजूचं एक रान तुटून मोकळं झालं होतं. मधला बांध फोडला की घरगाडी रानात घेता येणार होती. मामा माणसं आणि फावडी घेऊन निघाला. तोवर थांबायचं. शिवम्मानं आत शेगडी पेटवली आणि ट्रॅक्टरवाल्यालाही हाक मारली. पिराजी त्याचं नाव. तो घरगाडीच्या पायरीवर बसून बशीतनं चहा ओढायला लागला आणि आतला पंखा बघून म्हणाला, "हितं तर ऱ्हायलाच यावं वाटतंय."

दीप्ती आणि रुद्रेश बांधावर बसले. पिराजीनं दिलेल्या उसाचं कांडं त्यानं गुडघ्यावर मोडून अर्धं तिच्याकडं दिलं. तिनं मशीन मांडीवर घेतलं. पडद्यावर रस्ता नव्हताच. नुसती हिरवट मोकळी जागा आणि तिच्या मधोमध बाण.

"चिडलात?" तिनं विचारलं.

"न्हाई. तुमी का बदललंसा ते विचारायचं हुतं."

"बघावंसं वाटलं... पलीकडं काय असतं ते."

"मग काय दिसलं?"

तिनं आजूबाजूला पाहिलं. वाऱ्यानं उसाची पाती एकमेकांवर सळसळत होती. "ऊस," ती म्हणाली, आणि दोघंही एकदमच हसले. ती इतकी मोकळी हसली की तिच्या ओढणीवर रस सांडला.

"ही जागा साठवून ठेवू या," रुद्रेशनं मशीन घेतलं. "परत चुकून यायला नको." तो एकेक अक्षर दाबायला लागला. तिनं डोकावून बघितलं. पडद्यावर तिचंच नाव उमटत होतं.

"अडकलेल्या जागेला माझं नाव?"

"अडकलोय म्हणूनच की," तो म्हणाला. आणि मग आपण काय बोलून बसलो ते कळून कानापर्यंत लाल झाला.

उसानं चिकट झालेली बोटं दीप्ती कितीतरी वेळ गवताला पुसत राहिली. उठून जावंसं मात्र तिला अजिबात वाटलं नाही.

मामा आला. पांढरं धोतर, जाड भुवया, मोठा आवाज. अर्ध्या तासात बांध फुटला, घरगाडी डुलत डुलत रानात उतरली, पिराजी हात हलवत निघून गेला. मामानं घाम पुसला आणि सगळ्यांना घरी चला म्हणून सांगितलं. मग त्याचं लक्ष दीप्तीकडं गेलं.

"ह्या कोण पावण्या? आडनाव काय म्हनायचं?"

"कांबळे," ती म्हणाली.

मामा "बरं" म्हणाला. त्या एका शब्दानंतरची शांतता दीप्तीला ओळखीची होती. शाळेपासूनची. मामा रुद्रेशकडं वळला आणि कन्नडमध्ये त्यानं विचारलं, "यारो ईकी?" कोण रे ही?

रुद्रेशनं एकदा मामाकडं बघितलं, एकदा जमिनीकडं. मग घाईघाईनं म्हणाला, "यारू अल्ल, मामा. अंगडी हुडगी. मशीन तोरसाक बंदाळ." कोणी नाही, मामा. दुकानातली पोरगी. मशीन दाखवायला आलीय.

दीप्तीनं मशीन हातात घेतलं. जवळचा रस्ता काढून पुन्हा जलद केला, कच्चे रस्ते टाळायची खूण केली आणि ते नेऊन चन्नाप्पांच्या हातात दिलं. "काका, हे तिसरंच घ्या. चांगलं आहे. फक्त हे मध्ये कुणाला बदलू देऊ नका." मग ती मामासमोर आली, हात जोडले आणि स्वच्छ कन्नडमध्ये म्हणाली, "हौद री. अंगडी हुडगी." होय हो, दुकानातलीच पोरगी. आणि रुद्रेशकडं न बघता मराठीत, "माझं आजोळ निपाणीचं आहे."

रुद्रेशचा चेहरा पांढरा पडला. तो "दीप्ती—" म्हणेपर्यंत ती पाणंदीनं निघाली होती. मागून शिवम्मानं दोन हाका मारल्या. ती वळली नाही. डांबरीवर येऊन हात केला, एसटी थांबली, ती चढली. जयसिंगपूर येईपर्यंत तिनं डोळ्यांतून पाणी काढलं नाही. नंतर काढलं.

*

मंगळवारी तो दुकानात आला. गणपतराव अचानक गोदामात काहीतरी शोधायला गेले.

"चार्जर चालतोय ना?" दीप्तीनं विचारलं.

"मला बोलायचं हाय."

"जी कोणी नाही, तिच्याशी एवढं काय बोलायचं?"

त्यानं मान खाली घातली. "मामा लई हट्टी हाय. तिथं बखेडा नको म्हणून..."

"तुमचे मामा गप्प झाले त्याचं मला काही वाटलं नाही. ते मी लहानपणापासून बघत आले. पण तुम्ही? अर्ध्या तासापूर्वी माझं नाव लिहीत होता." तिनं समोरची काच पुसायला घेतली. "खोटं असतं तर चाललं असतं. पण ते नाव खरं लिहीत होता तुम्ही. मी बघितलंय."

"भ्यालो," तो म्हणाला.

दोन दिवस दीप्तीनं त्याच्या प्रत्येक सबबीला उत्तर तयार ठेवलं होतं. ही सबब नव्हती. "जा आता," ती म्हणाली. "गिऱ्हाईकं आहेत." दुकानात चिटपाखरू नव्हतं.

तो गेला. त्यानंतर फोन नाही, शंका नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला. दीप्तीनं ठरवलं, संपलं. आणि तरी बाहेर मोठी गाडी थांबल्याचा आवाज आला की मान वर व्हायची. हा आता काय करेल? आज काय करत असेल? रागाबरोबर हे कुतूहल कुठून येतंय याचाच तिला राग यायचा. शनिवारी तिनं दाराकडं पाठ करून बसायला सुरुवात केली.

*

रविवारी सकाळी कळंब्याच्या कॉलनीत घराघरातून मटणाचा वास सुटला होता. दीप्तीची आई मीनाबाई रस्सा ढवळत होती, वडील बाळासो ओट्यावर बसून पेपर वाचत होते. कागलच्या कारखान्यात आठवडाभर पाळ्या करून त्यांना ही एकच सकाळ मिळायची. तेवढ्यात शेजारची बायडाबाई धापा टाकत आली.

"दीप्ते! अगं एक बस आलीया! गल्लीच्या तोंडाला अडकलीया! आणि एक गडी दर घराच्या दारात जाऊन तुझं नाव विचारत सुटलाय! तुझं नाव, तुझ्या बाचं नाव, दुकानाचं नाव... पार चौदा घरं झाली!"

दीप्ती दारात आली. अख्खी गल्ली बाहेर येऊन उभी होती. गल्लीतून रुद्रेश येत होता, हातात मशीन नव्हतं, कपाळावर घाम होता. त्याच्यामागं चन्नाप्पा आणि पदर सावरत शिवम्मा.

"तुमची गल्ली मशीनमध्ये न्हाई," तो म्हणाला. "मग विचारत आलो."

"इतक्या मोठ्यानं?"

"व्हय. त्या दिवशी हळू बोललो हुतो."

बाळासोंनी पेपरची घडी घातली. "कोण आपण?"

रुद्रेशनं त्यांना नमस्कार केला आणि उभ्याउभ्याच, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सांगितलं. शिरोळला काय घडलं, तो काय म्हणाला, काहीही न लपवता. "परवा मी परत शिरोळला गेलतो. मामाला सांगितलं, मी खोटं बोललो. ती कोणी न्हाई असं न्हाई. ती व्हय म्हणाली तर तिच्याशी लगीन करणार. न्हाई म्हणाली तर चूक माझी हाय, तिची न्हाई."

"मग मामा?" दीप्तीच्या तोंडून निघून गेलं.

"रुसलाय," शिवम्मा म्हणाली. "चहाची बशी आपटली. लग्नाला येणार न्हाई म्हणतोय. माझा भाऊ हाय, त्याचं मी बघतो."

"आणि तुम्ही?" दीप्तीनं तिच्या डोळ्यांत बघत विचारलं. "तुम्हाला चालेल?"

शिवम्मा म्हणाली, "खोटं कशाला बोलू पोरी. दोन दीस मलाबी घास गोड लागला न्हाई. लोक काय म्हणतील, मठातले स्वामी काय म्हणतील... मग हेनी बोलले."

चन्नाप्पांनी घसा साफ केला. बायकोनं असं बोलायला पुढं केल्याची त्यांना सवय नव्हती. "बत्तीस वर्षं माझ्या पाठीमागं माणसं बसली. कुणाचं आडनाव विचारून मी गाडी हाणली न्हाई. आता घरात विचारू?"

बाळासोंनी आधी त्यांच्याकडं आणि मग लेकीकडं बघितलं. "मला न्हाई, तिला विचारा. तिचं ती ठरवंल. पण आधी आत या. उनात का हुबं?"

आत येताच मीनाबाईच्या जिवाचं पाणी झालं. घरभर रश्श्याचा घमघमाट, आणि पाहुणे शाकाहारी, माळकऱ्यांपेक्षा कडक! ती पातेल्यावर झाकण ठेवते, खिडकी उघडते, पुन्हा झाकण बघते. "माफ करा बाई... आज रविवार... मी हे उचलून शेजारी..."

"र्‍हाऊ दे की तिथंच," शिवम्मा जमिनीवर बसत म्हणाली. "आमी न्हाई खात. तुमी खावा. भाकरी हाय न्हवं? आणि शेंगदाण्याची चटणी?"

"ती तर हाय!"

"मग वाढा. चौदा घरं हिंडून भूक लागलीया."

मीनाबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि घाईनं नवा तवा शोधायला लागली.

दीप्ती आणि रुद्रेश दोघंच दारात उरले. एवढं बोललेला माणूस आता दाराच्या चौकटीवर बोटानं रेघा ओढत होता.

"दोन महिने जाणार तुम्ही," ती म्हणाली.

"व्हय. संक्रांतीनंतर."

"मग परत आल्यावर का नाही विचारलंत?"

"दोन म्हैने हे पोटात घेऊन गाडी चालवता आली नसती. कुठंबी वळलो असतो."

तिला हसू येत होतं, ते तिनं दाबलं. आणखी काही विचारणार एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजायला लागले. एक, मग तीन. पाण्याचा टँकर आला होता आणि घरगाडीमुळं आत येईना. बायका कळशा घेऊन ओरडायला लागल्या, "बस कुणाची हाय ती? काढा!"

"चला," दीप्ती म्हणाली आणि चप्पल पायात सरकवून निघाली. सगळी गल्ली बघत होती. ती त्याच्या मागून गेली नाही, पुढूनही गेली नाही. बरोबरीनं चालत गेली, बायडाबाईच्या ओट्यासमोरून, वाण्याच्या दुकानासमोरून, हातभर अंतरावरून.

रुद्रेश ड्रायव्हरच्या सीटवर चढला. ती मागं जाऊन, टँकरला कडेला घ्यायला लावून, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि हात वर केला.

"येऊ दे!" ती ओरडली. "येऊ दे... येऊ दे... डावीकडं मार... अजून!"

दुकानातलं 'तुम्ही' कधी गळून पडलं ते तिलाही कळलं नाही. दुधी भिंत हळूहळू तिच्याकडं सरकत होती. तेवढ्यात खिडकीतून रुद्रेशचं डोकं बाहेर आलं.

"म्हंजे व्हय का?"

"मागं बघ आधी! खांब हाय!"

"मागं बघतो, पण सांग की!"

टँकरवाला, कळशीवाल्या बायका, वाणी, सगळे तिच्याकडं बघत होते. दीप्तीनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि अख्ख्या कळंब्याला ऐकू जाईल अशी ओरडली,

"व्हय! ... आणि बास, बास, बास!"

घरगाडी खांबापासून वीतभर अंतरावर थांबली.